डाव्या गुडघ्याचं कापड

गुडघा बदलायचा म्हणजे नेमकं काय करायचं, याबद्दल बांकोले सोयेमींचं मत तेवीस वर्षांच्या नोकरीत ठाम झालेलं होतं. गुडघा बदलायचा म्हणजे अकरा पोती कचरा करायचा. मधल्या काळात डॉक्टर आत काय करतात ते डॉक्टरांना ठाऊक. सोयेमी अबेओकुटाच्या एका इस्पितळात ऑपरेशन थिएटरचे भांडारप्रमुख होते. त्यांना दिसायचं ते एवढंच, की सकाळी पुढच्या दारानं एक म्हातारं माणूस आत जातं आणि दुपारी मागच्या दारानं अकरा पिवळी पोती बाहेर येतात. पोत्यांत एकदाच वापरायच्या कागदी चादरी, कागदी झगे, प्लास्टिकची वेष्टनं आणि त्या वेष्टनांची वेष्टनं. वर्षातून एकदा परदेशातल्या डॉक्टरांचं पथक यायचं, चार गुडघे बदलायचं आणि चव्वेचाळीस पोती मागे ठेवून निघून जायचं. ती पोती भट्टीत जळायची, तिचा धूर आठवडाभर धोबीघाटावर बसायचा, आणि मग उरलेलं वर्ष गावातले सगळे गुडघे बाकावर बसून दुखायचे. कारण एवढा सरंजाम विकत घेऊन जाळण्याची ऐपत ना इस्पितळाची होती ना गुडघ्यांची.

हे असंच चालू राहिलं असतं आणि सोयेमींना त्याचं काहीही वाटलं नसतं. माणसाला जगातल्या प्रत्येक गुडघ्याचं वाईट वाटायला लागलं तर भांडार कोण सांभाळणार? पण त्यांतला एक गुडघा त्यांच्या घरी राहायला आला.

तो गुडघा आदेतुतू ममांचा, म्हणजे सोयेमींच्या सासूबाईंचा. ममा निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचं घर आके भागात, खडकावर, बावीस पायऱ्या चढून. अबेओकुटात सपाट रस्ता ही चैन आहे. इथं शेजाऱ्याकडे मीठ मागायला गेलं तरी चढ लागतो. चौदा महिन्यांपूर्वी ममांच्या डाव्या गुडघ्यानं त्या बावीस पायऱ्यांना नकार दिला आणि ममा “चार दिवस” म्हणून तळमजल्यावरच्या जावयाकडे आल्या. येताना दोन पेट्या, एक भिंतीवरचं घड्याळ आणि लाल शाईचं पेन आणलं. घड्याळ सोयेमींच्या घड्याळाशेजारी लागलं. दोघांत सात मिनिटांचा फरक होता. आठवडाभरात सोयेमींच्या घड्याळानं माघार घेतली. लाल पेनानं रोज सकाळी वर्तमानपत्र तपासलं जायचं आणि मगच ते सोयेमींच्या हाती पडायचं, दहापैकी गुण देऊन.

शिवाय रोजचा नमस्कार. जावयानं सासूला आडवं पडून, छाती जमिनीला टेकवून नमस्कार करायचा ही तिकडची रीत. पण घाईच्या वेळी वाकून बोटं जमिनीला लावली तरी जग चालवून घेतं. ममा जग नव्हत्या.

“बांकोले,” त्या म्हणायच्या, “काही सांडलंय का जमिनीवर?”

“नाही, ममा.”

“मग काय उचलत होतास?”

मग सोयेमी इस्त्रीच्या शर्टासकट आडवे पडायचे. आलेल्यागेलेल्याला ममा अभिमानानं सांगायच्या, “आमचे जावई इस्पितळात असतात. हातमोजे मोजतात.”

तेव्हा ममांचा गुडघा बदलावा आणि ममांनी स्वतःच्या पायांनी स्वतःच्या घरी जावं, ही सोयेमींच्या आयुष्यातली एकमेव महत्त्वाकांक्षा होऊन बसली. त्यात प्रेम किती आणि घड्याळ किती, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

याच सुमाराला डॉ. सिम्बियात लासिसी इस्पितळात रुजू झाल्या. बाई तरुण, हाडांच्या डॉक्टर, आणि बोलण्यात कापाकापी फार. पहिल्याच दिवशी त्या भांडारात आल्या आणि म्हणाल्या, “सोयेमी, मला गुडघ्याच्या ऑपरेशनचा कचरा उचकायचाय.”

भांडारप्रमुखाच्या आयुष्यात असं वाक्य एकदाच ऐकू येतं. दोघांनी मिळून जुन्या याद्या काढल्या. अवजारांच्या सात पेट्या उघडल्या जात, सातही वाफेच्या भट्टीत शिजवल्या जात. त्यांतल्या एकशे बेचाळीस अवजारांपैकी डॉक्टरांच्या हातात जात एकोणचाळीस. उरलेली नुसतीच अंघोळ करून परत जात. कागदी चादरींऐवजी घट्ट विणीच्या सुती चादरी शिवल्या, धुतल्या, वाफवल्या, तर पंचाहत्तर वेळा चालतात. भुलीचा वायू द्यायचाच नाही. पाठीत सुई, माणूस जागं.

“एवढं केलं तर खर्च अर्ध्यावर येतो,” डॉक्टर म्हणाल्या. “आठवड्याला दोन गुडघे आपले आपण करू. पथकाची वाट कशाला बघायची?”

इस्पितळाच्या समितीचे अध्यक्ष चीफ तालाबी यांना ही कल्पना आवडली नाही. त्यांना नवं फाटक हवं होतं. त्यावर सिंह असणार होते. तरी त्यांनी उदार मनानं सांगितलं, “एक गुडघा करून दाखवा. कचरा मी स्वतः तोलणार. तीन पोत्यांच्या आत आला तर परवानगी. नाही आला तर समितीकडचा निधी फाटकाला.”

एक गुडघा कुणाचा, हा प्रश्न सोयेमींनी त्या दिवशी जेवताना अतिशय सहज काढला. ममांनी रताळ्याचा तुकडा खाली ठेवला.

“म्हणजे प्रयोग?”

“प्रयोग नाही ममा, पहिली संधी.”

“मी तेहतीस वर्षं मुलांना हेच सांगून पुढच्या बाकावर बसवलं,” ममा म्हणाल्या. “डावा घ्या. तो मला तसाही कधी आवडला नाही.”

तारीख ठरली. चौदा, गुरुवार, सकाळी आठ. हातात पाच आठवडे.

सोयेमी कामाला लागले. पहिलं काम म्हणजे कागदी चादरींची खरेदी थांबवणं, आणि ते सगळ्यात सोपं आहे असं त्यांना वाटलं. खरेदी विभागातल्या बाईंनी त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकलं.

“वस्तू न घेण्याचा फॉर्म नाहीये आपल्याकडे.”

“फॉर्म कशाला? घ्यायचीच नाही ना.”

“पण न घेण्याला मंजुरी कोण देणार? तुम्ही घेतलं नाही आणि वरून विचारलं का नाही घेतलं, तर मी काय दाखवू? हवा?”

सोयेमींनी खरेदीचाच फॉर्म घेतला आणि नगांच्या रकान्यात शून्य लिहिलं. तीन दिवसांनी तो परत आला. शेरा होता: किमान मागणी दहा. सोयेमी रात्रभर तळमळले नाहीत. ते शासकीय माणूस होते. त्यांनी ‘शून्य, दहा वेळा’ असं लिहून पाठवलं. चौथ्या दिवशी सही-शिक्क्यासह मंजूर.

मग कापड. इतोकूच्या बाजारात अल्हाजा रिसिकातचं दुकान आहे. अर्ध्या गावाची लग्नं आणि उरलेल्या अर्ध्याची मयतं तिच्या गजानं मोजलेली. सोयेमींनी घट्ट विणीचा गर्द हिरवं सुती कापड निवडलं, पाणी टाकून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं.

“किती वार?”

“साठ.”

अल्हाजानं गज खाली ठेवला. तिकडे घरात कार्य निघालं की घरचे एक कापड ठरवतात, आणि सगे-सोयरे, शेजारी, स्नेही तेच कापड घेऊन त्याचेच कपडे शिवून कार्याला येतात. आसो एबी म्हणतात त्याला. ज्याला कापडाचा निरोप आला नाही त्यानं समजावं, आपलं नातं तुटलं. एका रंगाचं साठ वार कापड नेणारा माणूस काय करणार आहे, हे इतोकूत शेळीसुद्धा ओळखते. ओळखलं नाही फक्त सोयेमींनी, कारण त्यांच्या डोक्यात चादरी होत्या.

“काय आहे, सोयेमीसाहेब?”

“ममांचं आहे.”

“ममांचं काय?”

“गुडघा.”

अल्हाजानं दोन क्षण विचार केला. तिनं षष्ट्यब्दी पाहिली होती, मुंज नसली तरी बारसं पाहिलं होतं, नव्या विहिरीचं कार्य पाहिलं होतं, एकदा तर विमानात बसून परत आल्याचं कार्य पाहिलं होतं. गुडघा नवीन होता. पण सोयेमी घराणं शिकलेलं.

“कधी?”

“चौदाला. गुरुवारी. सकाळी आठ.”

“सकाळी आठ म्हणजे जरा लवकर नाही का?”

“डॉक्टरांना तीच वेळ सोयीची.”

“डॉक्टरही आहेत?”

“त्यांच्याशिवाय कसं होणार? चीफ तालाबीही येणार आहेत.”

अल्हाजानं मान डोलावली. साठ वार मोजून दिलं, आणि सोयेमींची पाठ वळताच कारखान्याला फोन लावून तेच कापड आणखी तीनशे वार मागवलं.

शिंपी गानियूबाबा. चाळीस वर्षं शिवतो, आणि चाळीस वर्षांत त्याला कुणी शिवणकामाबद्दल काही सांगितलेलं नाही, कारण त्याला ऐकायला कमी येत नाही पण आवडत नाही. सोयेमींनी चिठ्ठीवर लिहून दिलं. तीन वार लांब, दोन वार रुंद, चारी बाजूंनी दुमड. अशा वीस. त्यांतल्या दहांना मधोमध गोल भोक, एवढं. त्या भोकातून गुडघा वर काढायचा आणि बाकीचा माणूस झाकायचा, हे त्यांनी लिहिलं नाही. चादरीला भोक कशाला हे शिंप्याला समजावत बसणं त्यांना भांडारप्रमुखाच्या इभ्रतीला शोभलं नाही. पुढचं सगळं या एका न लिहिलेल्या ओळीमुळे झालं.

आठ दिवसांनी गानियूबाबानं गठ्ठा समोर ठेवला. वर दहा साध्या चादरी, छान. खाली नऊ अग्बादा. अग्बादा म्हणजे तिकडच्या बड्या माणसाचा पायघोळ, दोन्ही खांद्यांवरून ओसंडणारा अंगरखा. प्रत्येकाच्या गळ्याभोवती सोनेरी रेशमाचं वीतभर भरतकाम, छातीवर खिसा.

“हे काय आहे?” सोयेमींनी विचारलं.

“मधोमध भोक असलेलं कापड,” गानियूबाबा म्हणाला. “त्यातून डोकं येतं. डोकं आलं की गळा आला. गळा आला आणि कशिदा नाही, तर लोक काय म्हणतील? गानियू म्हातारा झाला म्हणतील.”

“बाबा, हे गुडघ्यासाठी होतं.”

“तेच तर. अल्हाजानं सांगितलं ना मला. एवढ्या मोठ्या कार्याला साधा गळा? कशिद्याचे वेगळे घेत नाहीये मी. ममांनी माझ्या तिन्ही पोरांना शिकवलंय.”

“कसलं कार्य?”

गानियूबाबा नुसता हसला. गुप्तता पाळणाऱ्या श्रीमंतांकडे पाहून माणूस जसा हसतो तसा.

“आणि नऊच कसे? दहा सांगितले होते.”

“एक ओशिनोवोसाहेबांनी नेला. तुमच्याच शेजारचे ना? त्यांनी पाहिला, घालून पाहिला, आणि काढलाच नाही.”

ओशिनोवो हे कस्टममधून निवृत्त झालेले गृहस्थ. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेट्या उघडल्याचं तेज त्यांच्या चेहऱ्यावर होतं. रविवारी चर्चमध्ये ते पहिल्या रांगेत बसले होते, गर्द हिरवे, सोनेरी गळ्याचे. प्रवचन सुरू असताना सोयेमी मागून सरकत सरकत त्यांच्या बाकावर पोचले.

“साहेब, तो अंगरखा परत द्यावा लागेल.”

“का?”

“तो उकळायचाय. निर्जंतुक करायचाय.”

ओशिनोवोंनी सावकाश मान वळवली. “सोयेमी, मी घातला म्हणून उकळायचा?”

“तुम्ही म्हणून नाही. कुणीही घातला असता तरी…”

“अकरा वर्षं शेजारी राहतोय. कार्य काढलंत, कापडाचा निरोप नाही. मी मनाला लावून घेतलं नाही. स्वतः गेलो, स्वतः मिळवलं. आता म्हणता, तुझ्या अंगाला जंतू.”

“कार्य नाहीये, ऑपरेशन आहे.”

“साठ वाराचं ऑपरेशन?” ओशिनोवो म्हणाले, आणि पाद्रीबाबांसह सर्वांनी त्या वाक्यावर मान हलवली.

घरी आले तर बायको मोरेनिके फोन घेऊन उभी. “अहो, हे काय करून बसलात? इबादानची मावशी रडतेय. म्हणतेय, रिसिकातकडून कळलं, आपल्या तोंडून नाही. लागोसच्या सगळ्यांनी कापड घेतलं. तुमच्या कचेरीतल्या बायकांनी घेतलं. चीफ तालाबींच्या बाईंनी त्यांच्यासाठी आणि चीफसाठी घेतलं.”

“पण मी कुणाला बोलावलेलं नाही.”

“म्हणूनच सगळे येणार. बोलावलं असतं तर निम्म्यांना कामं निघाली असती.”

सोयेमींनी पुढचे तीन दिवस नकार देण्यात घालवले. एकेकाला भेटून सांगितलं, कार्य नाही. आबालवृद्धांनी ते समजूतदारपणे ऐकलं आणि घरी जाऊन सांगितलं, कार्य फार मोठं आहे, माणूस घाबरलाय.

ममांना कळलं तेव्हा मात्र त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. “माझ्या निवृत्तीला बारा माणसं होती,” त्या म्हणाल्या. “त्यांत दोन वीज दुरुस्तीला आलेली. गुडघ्याला किती येतील?”

“शंभरच्या वर,” मोरेनिके म्हणाली.

“हं,” ममा म्हणाल्या, आणि त्या दिवशी वर्तमानपत्राला दहापैकी नऊ मिळाले.

ऑपरेशनला चार दिवस उरले होते आणि नऊ चादरींच्या गळ्यात सोनं होतं. डॉ. सिम्बियातनी एक अंगरखा हातात घेतला, खिशात हात घालून पाहिला आणि म्हणाल्या, “कशिदा उसवायचा. एक धागा राहता कामा नये, सुटला तर जखमेत जाईल. खिसा काढा. बाकी शिलाई सुरेख आहे.”

मग सोयेमींच्या जेवणाच्या टेबलाभोवती उसवण बसली. ममा, मोरेनिके, दोन शेजारणी, आणि चक्क ओशिनोवो. त्यांनी आपला अंगरखा परत आणला होता, एका अटीवर, की तो तेच उसवतील. दुसऱ्याच्या हातून उसवताना बघणं त्यांच्यानं होणार नव्हतं. गानियूबाबाही आला. चाळीस वर्षांत त्यानं स्वतःचं काम उसवलं नव्हतं. तो प्रत्येक टाक्याला सुस्कारा टाकत होता, आणि टाके चौदाशे होते.

सोयेमी चहा घेऊन आले तेव्हा ममा चष्म्यावरून सुईकडे बघत होत्या. बाकीचे गप्पांत होते.

“बांकोले, हे होईल ना रे?” त्यांनी हळूच विचारलं.

“का नाही होणार, ममा?”

“रोज झोपताना मी त्या पायऱ्या चढते. मनात. बारावीपर्यंत नीट जाते. तेराव्या पायरीपाशी एक दगड जरा तिरका आहे, तिथं थांबते. चौदा महिने झाले, पुढे जातच नाहीये.” मग त्यांनी धागा ओढून काढला. “आणि चहात साखर कमी आहे.”

सोयेमी स्वयंपाकघरात गेले आणि साखरेच्या डब्यासमोर बराच वेळ उभे राहिले. त्यानंतर त्या घरात दोन घड्याळं आहेत याची त्यांना एकदाही आठवण झाली नाही. फाटक मात्र झोपेत दिसायला लागलं, सिंहांसकट.

गुरुवारी सकाळी पावणेआठला इस्पितळाचं आवार हिरवं झालेलं होतं. ममांच्या हातून शिकलेल्या चार पिढ्या आल्या होत्या. एकाच कापडाचे झगे, लुगडी, टोप्या, डोक्यावरचे उंच फेटे. आंब्याच्या झाडाखाली तीन पातेल्यांत जोलोफ भात चढला होता. एक बोलका ढोलवाला आला होता. तो माणसाचं नाव ढोलावर वाजवून स्तुती करतो. आत, थिएटरमध्ये, त्याच कापडात डॉक्टर, त्याच कापडाखाली ममा. रुग्ण कुठे संपतो आणि वऱ्हाड कुठे सुरू होतं, याला आता फक्त एक भिंत साक्षीला होती.

चीफ तालाबी आठ वाजता तराजू घेऊन आले. हिरव्या अंगरख्यात. “बायकोनं बाहेर काढून ठेवला होता,” ते तुटकपणे म्हणाले. “याचा निर्णयाशी संबंध नाही.”

सोयेमींना पोत्यांचा हिशेब ठेवायला आत उभं केलं होतं. पाठीत सुई देऊन ममांची कंबरेखालची बाजू बधिर झाली होती. कंबरेवरची पूर्ण शाबूत होती.

“किती अवजारं?” ममांनी पडद्याआडून विचारलं.

“एकोणचाळीस,” सिस्टर म्हणाली.

“मोठ्यानं मोज. मागच्यांना ऐकू आलं पाहिजे.”

सिस्टरनं मोजली. ती ममांच्याच शाळेतली होती, एकोणतीसपाशी अडखळायची तिची सवय जुनी होती. ममांनी सत्तावीसपासून परत मोजायला लावली. बाहेर ढोल सुरू झाला. तो ममांचं नाव वाजवत होता, मग त्यांच्या वडिलांचं, मग आजोबांचं. डॉ. सिम्बियातनी हातोडी उचलली आणि नवा सांधा ठोकायला घेतला. थोड्या वेळानं सोयेमींच्या लक्षात आलं की हातोडी ठेक्यात पडतेय. भूल देणाऱ्या डॉक्टरांचा पाय हलत होता.

“डॉक्टर,” ममा म्हणाल्या, “तिसऱ्या ठोक्याला मागे पडताय तुम्ही.”

“सॉरी, ममा.”

“चालू द्या.”

साडेदहाला शेवटचा टाका पडला. सोयेमींनी सगळा कचरा गोळा केला, दाबला, बांधला. दोन पोती. त्यांनी पुन्हा मोजलं, कारण तेवीस वर्षांत त्यांनी एवढा लहान आकडा पाहिला नव्हता. दोन. एक पोतं तर अर्धंच. ती दोन पोती तान्ह्या जुळ्यांसारखी कडेवर घेऊन ते मागच्या दारानं बाहेर आले, भिंतीशी ठेवली, कपाळाचा घाम पुसला आणि ताठ मानेनं चीफना बोलवायला गेले.

चीफ सापडायला पंधरा मिनिटं लागली. ते जेवत होते.

परत आले तेव्हा भिंतीशी एकवीस पोती होती.

एकवीस पिवळी पोती, एकसारखी, थिएटरच्या छापाची, बांधलेली. त्याचं असं झालं होतं, की शंभरावर माणसं जेवली, कचरा झाला, आणि झाडूवाल्या मावशींना भांडारात न वापरलेली, वाचवलेली पिवळी पोती थप्पीनं दिसली. हिरवं लुगडं नेसलेल्या मावशींनी कार्यात हातभार लावला. सोयेमींनी जे जे वाचवलं होतं, ते ते भरून समोर उभं होतं.

चीफनी तराजू जमिनीवर ठेवला. त्यांच्या डोळ्यांत सिंह दिसू लागले. “तीन म्हणालो होतो मी.”

“यातली दोनच आमची.”

“कुठली?”

सोयेमींनी पाहिलं. त्यांना सांगता येईना. चीफनी समितीच्या दोघा सभासदांना जवळ बोलावलं, हातमोजे चढवले आणि सर्वांत जवळचं पोतं उघडलं. आत हाडं होती. पुष्कळ. चीफचा चेहरा राखेसारखा झाला.

“सोयेमी, एका गुडघ्यात इतकी हाडं असतात?”

“ती कोंबडीची आहेत, साहेब.”

चीफनी पोत्यात परत डोकावून पाहिलं. “तुम्ही,” ते शेवटी म्हणाले, “त्यांना कोंबडीचा गुडघा बसवलात?”

आता इथं माणसानं काय करावं? तेवीस वर्षांची नोकरी, पाच आठवड्यांची धावपळ, शून्य दहा वेळा, चौदाशे टाके, आणि आत पडलेली एक बाई, जिचा दुसरा पाय अजून जुनाच होता. आणि बाकावर बसलेले बाकीचे सगळे गुडघे. सोयेमींनी त्या उघड्या पोत्यात हात घातला. हाडांच्या खालून एक हिरवं पुडकं वर काढलं. पानात बांधलेली मोइनमोइन, चवळीच्या वाटणाची, वाफवलेली, न सोडलेली; कुणीतरी जास्तीची म्हणून टाकलेली. पिवळ्या पोत्यावर ‘धोका, शस्त्रक्रियेचा कचरा’ असं लाल अक्षरात छापलेलं होतं. समितीच्या देखत सोयेमींनी पान सोडलं आणि उभ्याउभ्या खाल्ली.

एक सभासद फुलांच्या वाफ्यात खाली बसला. दुसऱ्यानं डोळे मिटून प्रार्थना म्हटली.

“साहेब, हे जेवण आहे,” सोयेमी तोंड पुसत म्हणाले. “चव बघा.”

चीफनी बघितली नाही. पण वास घेतला. मग जरा जवळून घेतला. मग हातमोजा काढून पानाला चिकटलेला एक कण जिभेवर ठेवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे सिंह एकेक करून उठून गेले.

“सुकटीची पूड आणि वर अर्धं अंडं,” ते हळू म्हणाले. “ही आमच्या घरची आहे. आणि ही टाकली कुणी?”

पुढची चौकशी कचऱ्याची राहिली नाही. चीफच्या बाईंनी पहाटेपासून खपून केलेली मोइनमोइन न उघडता फेकणारा इसम कोण, याचा शोध त्यांनी जातीनं घेतला. एकवीसच्या एकवीस पोती उघडली, आणि त्या भरात ऑपरेशनची दोन आपोआप वेगळी निघाली. ती तराजूवर ठेवली. चीफनी आकडा वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. मग अहवाल तिथंच, आंब्याखाली, भाताच्या झाकणावर कागद ठेवून लिहिला गेला. शस्त्रक्रियेचा कचरा: दोन पोती. उरलेली एकोणीस पोती आनंदाची असून तो विषय समितीच्या कक्षेत येत नाही. आठवड्याला दोन गुडघ्यांना मंजुरी. फाटक आहे ते बरं आहे, तेल घालावे.

डॉ. सिम्बियातनी तो कागद खिडकीतून ममांना दाखवला. ममांनी लाल पेन मागितलं.

सात आठवड्यांनी, एका शनिवारी, ममा आकेला निघाल्या. हातात काठी, मागे मोरेनिके, तिच्या मागे दोन पेट्या आणि घड्याळ घेऊन सोयेमी. पायथ्याशी शेजारपाजारचे बघायला जमले होते. ममांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि कुणाशी बोलायचं बंद केलं. आठवीपाशी त्यांनी श्वास घेतला. तेरावीवरचा तिरका दगड आला. ममा थांबल्या. सोयेमींनी पेट्या खाली ठेवल्या आणि हात पुढे केला. ममांनी त्या हाताकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि चौदावीवर पाऊल टाकलं.

बाविसावीवर पोचल्यावर त्यांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. पोलक्यातून किल्ली काढली, दार उघडलं, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. आतून कडी वाजली.

सोयेमी आणि मोरेनिके पेट्या घेऊन बाहेर उभे. आत खुर्ची सरकली. खिडकी उघडली. भांड्यात पाणी पडल्याचा आवाज आला. मग कुणीतरी गुणगुणायला लागलं, बेसूर आणि निवांत. चौदा, नाही, सोळा महिन्यांत ममा गातात हे सोयेमींना ठाऊक नव्हतं.

दहा मिनिटं झाली. मोरेनिकेनं हळूच टकटक केली.

“कोण आहे?”

“आम्ही, ममा. सामान घेऊन.”

गुणगुणणं थांबलं. मग ममांचा आवाज आला, अगदी प्रेमळ, आणि दार न उघडता.

“उद्या या. आज मी घरी आहे.”